माहीत असलेला माणूस

शनिवार, 15 फेब्रुवारी 2003. लंडनमध्ये थेम्सच्या काठी, एम्बँकमेंटवर तुम्ही उभे आहात आणि पाऊल पुढे टाकायला जागा नाही. थंडीने कान बधिर झालेत. डावीकडे लोकरी टोपी घातलेल्या एक आजी आहेत, हातात घरी रंगवलेला पुठ्ठा. उजवीकडे बाबागाडी ढकलणारं जोडपं. मागून शिट्ट्यांचा गलका उठतो, डोक्यावरून जातो आणि पुढे कुठेतरी विरतो. यातले कित्येक जण आयुष्यात पहिल्यांदाच मोर्चाला आलेत. ‘माझ्या नावाने नको’ असे फलक जागोजाग दिसतात. एका फलकावर पंतप्रधान टोनी ब्लेअर हातात बंदूक आणि डोक्यावर चहाचा कप घेऊन उभे आहेत आणि मजकूर सांगतोय की युद्ध नको, चहा करा. ही माणसं चिडली तरी चहा सोडत नाहीत.

पोलिसांच्या हिशेबाने आज साडेसात लाख लोक रस्त्यावर आहेत, आयोजकांच्या मते वीस लाखांपर्यंत. कुठलाही आकडा धरा, हाइड पार्कपर्यंत पोचायला तुम्हाला संध्याकाळ होणार.

तुम्ही पुढच्या काळातून आलात. महिनाभरात, 18 मार्चला, हाउस ऑफ कॉमन्समध्ये 412 विरुद्ध 149 मतांनी इराकवरच्या युद्धाला मंजुरी मिळेल आणि ज्या शस्त्रांसाठी हे सगळं चाललंय ती तिथे सापडणार नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या आजींच्या कानात सांगावंसं वाटतं. पण इथून चालत काही मिनिटांवर व्हाइटहॉल आहे. तिथे संरक्षण खात्याच्या गुप्तवार्ता विभागात रासायनिक आणि जैविक शस्त्रांचे जाणकार ब्रायन जोन्स काम करत. इराकच्या शस्त्रांवरच्या सरकारी अहवालातली भाषा हातातल्या पुराव्यापेक्षा जास्त ठाम आहे, हे त्यांनी सप्टेंबर 2002 मध्येच लेखी कळवलं. तोच तो अहवाल, ज्यातली ‘45 मिनिटांत हल्ला’ ही गोष्ट पेपरांनी मोठ्या मथळ्यांत छापली. आणि 28 जुलै 2002 ला ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांना एक टिपण पाठवलं. काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर असेन, अशी त्याची सुरुवात. देशाला अजून सांगितलं जातंय की निर्णय झालेला नाही. ते टिपण लोकांपुढे यायला जुलै 2016 उजाडेल, इराक युद्धाची चौकशी करणारे सर जॉन चिलकॉट यांचा 26 लाख शब्दांचा अहवाल येईल तेव्हा.

तेव्हा या सफरीचा नियम आत्ताच सांगायला हवा. जिथे जाल तिथे खोलीत एक माणूस असेल, ज्याला तुमच्याइतकंच माहीत आहे. भविष्यातून न येताही.

मागे जाताना आधी 1944 गाठा, तिथे मिनिटभर डोकावा. युद्ध ऐन भरात, चर्चिल पंतप्रधान. जनमत चाचणी घेणाऱ्या गॅलपचा माणूस लोकांना विचारतोय की राजकारणी कुणासाठी काम करतात, स्वतःसाठी, पक्षासाठी की देशासाठी? शंभरातले 35 सांगतात, स्वतःसाठी. आणि देशासाठी म्हणणारे 36. पूर्वी ब्रिटिश माणूस राज्यकर्त्यांपुढे मान तुकवून असायचा, ही समजूत इथेच सोडा. संशय तेव्हाही होता. पण हाच प्रश्न 2014 मध्ये विचारला गेला तेव्हा ‘स्वतःसाठी’ म्हणणारे 48 झाले होते आणि ‘देशासाठी’ म्हणणारे उरले होते 10. त्या 26 जणांना काय झालं, ते पाहायला आपण निघालोय.

15 एप्रिल 1989, शेफील्ड. वसंतातली उबदार, निरभ्र दुपार. हिल्सबरो मैदानावर एफए कपची उपांत्य लढत, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. तुम्ही लेपिंग्ज लेनकडच्या कोपऱ्यात, पोलिसांच्या नियंत्रण कक्षात उभे आहात. खाली प्रेक्षकांचे उभं राहायचे कप्पे, दोन्ही बाजूंना आणि पुढे लोखंडी जाळी. मधले दोन कप्पे आधीच खचाखच भरलेत. बाहेर फिरत्या दांड्यांच्या दारांशी हजारो लोक अडकलेत, चेंगराचेंगरीची भीती आहे. बंदोबस्ताचे प्रमुख, चीफ सुपरिंटेंडंट डेव्हिड डकनफील्ड, यांना हे पद मिळून तीन आठवडेही झालेले नाहीत. 2 वाजून 52 मिनिटांनी ते बाहेरचं मोठं दार, ‘गेट सी’, उघडायला सांगतात. लोंढा आत येतो आणि समोरच्या भुयारी वाटेने सरळ मधल्या कप्प्यांत जातो, कारण ती वाट बंद करा असं कुणी कुणाला सांगितलेलं नाही. 3 वाजून 6 मिनिटांनी सामना थांबतो. जाळीपलीकडे माणसं उभ्या-उभ्या मरत आहेत.

सव्वातीनच्या सुमाराला फुटबॉल असोसिएशनचे ग्रॅहॅम केली वर येतात आणि काय झालं म्हणून विचारतात. डकनफील्ड सांगतात, लिव्हरपूलच्या चाहत्यांनी दार फोडलं.

तुम्ही तिथेच आहात. वीस-बावीस मिनिटांपूर्वीचा हुकूम तुम्ही कानांनी ऐकलाय. ज्याने दार उघडायला लावलं तोच सांगतोय की दार फोडलं. आपल्याकडे याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण इथे बोंब मारलेली नाही. अधिकारी नेहमी बोलतात त्या शांत सुरात ते सांगितलं गेलं आणि म्हणूनच ते खरं वाटलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट रेडिओ आणि टीव्हीवरून देशभर गेली होती. आपण तेव्हा खोटं बोललो, हे डकनफील्ड यांनी मान्य केलं मार्च 2015 मध्ये.

रात्री मैदानावरच्या व्यायामशाळेत जा, जाववत असेल तर. तिथे तात्पुरतं शवागार केलंय. भिंतीवर झटपट छायाचित्रं लावलीत आणि त्यांत आईबाप आपला मुलगा शोधत आहेत. ओळख पटली की पोलीस टेबलाशी बसवून प्रश्न विचारतात. किती प्यायला होता? मृतांच्या रक्तात दारू आहे का याची तपासणी झाली, त्यात लहान मुलंही सुटली नाहीत. सर्वांत लहान मृत मुलगा दहा वर्षांचा होता.

चार दिवसांनी, बुधवारी सकाळी, लिव्हरपूलमधल्या एका कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही पेपर घ्यायला शिरता. काउंटरवर ‘द सन’चा गठ्ठा. पहिल्या पानावर भल्यामोठ्या अक्षरांत एकच मथळा, ‘सत्य’. खाली तीन वाक्यं. काही चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले, काहींनी शूर पोलिसांवर लघवी केली, काहींनी तोंडाने श्वास देणाऱ्या शिपायाला मारहाण केली. यातलं काहीही खरं नव्हतं. बातमी शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आली होती. तिला ती पुरवली पोलिसांनी आणि हुजूर पक्षाचे खासदार आयर्व्हिन पॅटनिक यांनी. मथळा ठरवला संपादक केल्व्हिन मॅकेन्झी यांनी. पोलीस, खासदार आणि संपादक, तिघांनी मिळून एका शहराला चोर ठरवलं, तेही त्याची मुलं अजून पुरायची असताना.

शहराने मात्र विद्वत्तापूर्ण निषेध वगैरे केला नाही. कर्कबीत लोकांनी पेपर रस्त्यात जाळला, दुकानदारांनी गठ्ठे परत पाठवले. आज छत्तीसहून अधिक वर्षं झाली, लिव्हरपूल परिसरात तो पेपर न ठेवणारी दुकानं अजून आहेत, आणि टॅक्सीच्या मागच्या काचेवर ‘सन घेऊ नका’ असा स्टिकर दिसतो. वृत्तपत्रांवरच्या अविश्वासाचं सर्वेक्षण करायचं तर तिथला एखादा पेपरवाला पुरे.

या प्रकरणात एक गोष्ट सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. सत्य दडून राहिलंच नव्हतं. 4 ऑगस्ट 1989 ला न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीचा अंतरिम अहवाल आला आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दुर्घटनेचं मुख्य कारण पोलिसांचं नियंत्रण कोसळणं हे आहे. म्हणजे चार महिन्यांच्या आत पांढऱ्यावर काळं झालं होतं. तरीही 1991 च्या मृत्यूचौकशीत ज्यूरीने निकाल दिला ‘अपघाती मृत्यू’. सव्वातीननंतर काय घडलं याचा पुरावा त्या चौकशीने ऐकलाच नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांचं मरण ठरून गेलं होतं असं गृहीत धरलं.

आता साउथ यॉर्कशायर पोलिसांच्या कचेरीत, फायलींच्या मधोमध बसा. पोलीस नेहमी खिशातल्या वहीत नोंद करतात. या वेळी त्यांना सांगितलं गेलं की वहीत नको, कोऱ्या कागदावर आठवणी लिहा. मग ते कागद वर गेले, वकिलांच्या नजरेखालून गेले आणि सुधारून खाली आले. 164 जबान्यांमध्ये फेरफार झाला. त्यातल्या 116 मधून पोलिसांच्या कारभारावर टीका करणारा मजकूर काढला किंवा बदलला. विचार करा, किती हातांतून हे कागद गेले असतील. टंकलेखकाला, वरिष्ठाला, वकिलाला, सही करणाऱ्या त्या तरुण शिपायाला, सगळ्यांना माहीत. माहीत असलेला माणूस एकटा नव्हता, अख्खी इमारत होती.

15 एप्रिल 2009. अ‍ॅनफील्डवर विसावं स्मरण. मंत्री अँडी बर्नहॅम भाषण करत आहेत आणि स्टँडमधून एक घोषणा उठते, मग सगळं मैदान ती उचलतं, ‘जस्टिस फॉर द नाइन्टी-सिक्स’, शहाण्णव मृतांना न्याय द्या. बर्नहॅम थांबतात. पुढे त्यांनीच सरकारमध्ये जोर लावला आणि स्वतंत्र समिती नेमली गेली. तिने साडेचार लाख पानं उघडली. 12 सप्टेंबर 2012 ला लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमध्ये नातेवाइकांना तिचे निष्कर्ष ऐकवले गेले. वेळेवर उपचार झाले असते तर 41 जण कदाचित वाचले असते. लंडनमध्ये पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी दुहेरी अन्याय झाल्याचं सांगून माफी मागितली. मॅकेन्झी यांनीही त्याच दिवशी मागितली. 2016 मध्ये नव्या ज्यूरीने निकाल दिला की मृत्यू बेकायदा घडवले गेले. सत्तावीस वर्षं. त्यात कितीतरी आया मरून गेल्या.

मधली काही स्थानकं आपण न उतरता पाहू. मे 2009 मध्ये डेली टेलिग्राफ रोज पहिल्या पानावर खासदारांचे खर्च छापतंय. एकाने तळ्यातल्या बदकांसाठी 1,645 पौंडांच्या घरकुलाचं बिल लावलं, एकाच्या यादीत वाड्याभोवतीचा खंदक साफ करायचा खर्च. लोक आधी हसले आणि मग संतापले. ही यादी मिळू नये म्हणून संसद 2008 मध्ये पत्रकार हेदर ब्रुक यांच्याविरुद्ध हायकोर्टात लढली आणि हरली होती, हे त्या हशात विसरू नका. 10 जुलै 2011 ला ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’चा शेवटचा अंक निघाला, 168 वर्षांचा पेपर लोकांचे फोन चोरून ऐकल्याच्या पापाने बंद पडला. त्याच्यासाठी काम करणाऱ्या खाजगी गुप्तहेराची 11,000 पानांची टिपणं पोलिसांनी 2006 मध्येच जप्त केली होती. ती कचऱ्याच्या पिशव्यांत भरून ठेवलेली होती. ते प्रकरण उकरून काढलं तेही एका वर्तमानपत्रानेच, गार्डियनने. पत्रकारांना सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता सावकाश उतरा. 2005 च्या आसपासचा हिवाळा, इंग्लंडमधलं एक खेडं. या वेळी तुम्ही प्रेक्षक नाही, सब-पोस्टमास्तर आहात. पुढे किराणा, मागे पोस्टाची खिडकी, वर राहायचं घर. आयुष्यभराची पुंजी घालून हे दुकान घेतलंय. ब्रिटनमध्ये अशा खिडक्यांमागे बसणारे कितीतरी जण भारतीय वंशाचे आहेत, तेव्हा हे सोंग घ्यायला तुम्हाला जड जाऊ नये. संध्याकाळी दार लावून तुम्ही ताळेबंद करता. तिकिटं, पेन्शन, रोकड. दोनदा मोजता. पडद्यावर ‘होरायझन’, म्हणजे पोस्टाची संगणकावरची हिशेबयंत्रणा, सांगतं, हजार पौंड कमी. हेल्पलाइनला फोन करता. पलीकडची बाई सांगते तशी बटणं दाबता आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट होते. हे मनाचं नाही, एका पोस्टमिस्ट्रेसच्या बाबतीत असंच घडलं. ‘असं आणखी कुणाचं होतंय का?’ तुम्ही विचारता. उत्तर येतं, ‘नाही, फक्त तुमचंच.’

करारात लिहिलंय की तूट तुम्ही भरायची. भरता. पुढच्या महिन्यात पुन्हा. सासऱ्याकडून उसने घेता, घर गहाण पडतं. उद्या खिडकी उघडायची तर हिशेब जुळला असं मान्य करावंच लागतं. मग एके दिवशी तपासनीस येतात. खटला पोलीस नव्हे, पोस्ट ऑफिस स्वतःच भरतं, फिर्यादीही तेच आणि तपास करणारंही तेच. खोटा हिशेब दाखवल्याचं कबूल करा, चोरीचा आरोप काढतो, पण होरायझनला दोष द्यायचा नाही. गावात कुजबुज सुरू होते. म्हाताऱ्यांची पेन्शन खाल्ली म्हणे. कोर्टातही तुमची बाजू लंगडी, कारण संगणक नीट चालत होता हे सिद्ध करायची अट ब्रिटिश संसदेने 1999 च्या कायद्याने काढून टाकली होती. यंत्र बरोबर हे गृहीत, माणसाने आपलं खरेपण सिद्ध करायचं. होरायझन देशभर बसत होतं तेही त्याच सुमाराला.

माहीत असलेला माणूस या वेळी ब्रॅकनेलला बसलाय, यंत्रणा बनवणाऱ्या फुजित्सूच्या कचेरीत. यंत्रणेत दोष आहेत हे तिथल्या अभियंत्यांना ठाऊक. तिथून तुमच्या शाखेच्या हिशेबात तुम्हाला न कळता बदल करता येतात, हेही ठाऊक. असं करताच येत नाही, असं पोस्ट ऑफिस 2015 पर्यंत सांगत राहिलं. त्यांच्या तपासनिसांना दिलेल्या एका कागदात संशयितांची वंशवार वर्गवारी होती, त्यात ‘भारतीय/पाकिस्तानी प्रकार’ असा एक गट. 1999 ते 2015 दरम्यान 900 हून अधिक जण दोषी ठरले. 2010 मध्ये भारतीय वंशाच्या एका गरोदर स्त्रीला तिच्या मुलाच्या दहाव्या वाढदिवशी तुरुंगात पाठवलं गेलं. निदान 13 जणांनी यापायी जीव दिला असावा, असं सार्वजनिक चौकशीने 2025 मध्ये नोंदवलं.

नोव्हेंबर 2009, फेनी कॉम्प्टन, वॉरिकशायर. गावातलं सभागृह, ओळीने खुर्च्या. माणसं एकेकटी येतात, मान खाली. बोलावणारे आहेत अ‍ॅलन बेट्स, वेल्समधल्या लँडडनोजवळच्या शाखेचे पोस्टमास्तर, 2003 मध्ये काढून टाकलेले. एकेक जण उभा राहून सांगू लागतो. तूट, हेल्पलाइन, ‘फक्त तुमचंच’. तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत खोलीतल्या सगळ्यांना कळून चुकतं. ‘फक्त तुमचंच’ हे सगळ्यांनाच सांगितलं होतं. ब्रिटनमधल्या अविश्वासावर माझं मत कुणी विचारलं तर मी वेस्टमिन्स्टरकडे बोट दाखवणार नाही, या सभागृहाकडे दाखवेन. इथे जमलेली माणसं सरकारवर थुंकणारी नव्हती. राणीचं चित्र असलेली तिकिटं विकण्यात त्यांना अभिमान वाटायचा. आणि फसवणूक कळल्यावरही त्यांनी काय केलं? अर्ज केले, खासदारांना भेटले, कोर्टात गेले. लिव्हरपूलच्या आयांनीही तेच केलं. संस्थांवर सर्वाधिक विश्वास ठेवला तो त्याच संस्थांनी छळलेल्या लोकांनीच. म्हणून अविश्वास हा जनतेला जडलेला रोग आहे, अफवांनी आणि मोबाइलने पसरवलेला, असं एखादा मंत्री सांगू लागला की मला फेनी कॉम्प्टन आठवतं.

डिसेंबर 2019 मध्ये 555 पोस्टमास्तरांच्या दाव्यात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला. पोस्ट ऑफिसचा बचाव म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे असं म्हणण्यासारखं आहे, असं त्यांनी लिहिलं. देश तरीही हलला नाही. 1 जानेवारी 2024 ला तुम्ही एखाद्या घरात टीव्हीसमोर बसा. आयटीव्हीवर बेट्स यांच्यावरची मालिका लागली आहे. दहा दिवसांत पंतप्रधान ऋषी सुनक यांनी कायद्याची घोषणा केली आणि मे महिन्यात शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द झाल्या. कॉम्प्युटर वीकली हे साप्ताहिक 2009 पासून लिहीत होतं, निकाल चार वर्षं पडून होता. नटांनी रडून दाखवल्यावर सरकारला पाझर फुटला. याला मी न्याय म्हणणार नाही, वरातीमागून आलेलं घोडं म्हणेन.

2023 च्या ‘ब्रिटिश सोशल अ‍ॅटिट्यूड्स’ पाहणीत 45 टक्के लोकांनी सांगितलं की कुठल्याही पक्षाचं सरकार पक्षहितापेक्षा देशहित वर ठेवेल यावर आपला जवळजवळ कधीच विश्वास नसतो. तोवरचा हा उच्चांक. सार्वजनिक अधिकाऱ्यांनी चौकशीपुढे खरं बोललंच पाहिजे, असं बंधन घालणारं ‘हिल्सबरो विधेयक’ सप्टेंबर 2025 मध्ये संसदेत मांडलं गेलं. पंतप्रधान कीअर स्टार्मर यांनी ते एप्रिलच्या स्मरणदिनाआधी आणायचं कबूल केलं होतं, ती तारीख हुकली. हिल्सबरोच्या मृतांचा आकडा आता 97 आहे, कारण त्या दिवशी जायबंदी झालेला एक माणूस 2021 मध्ये गेला. जबान्या बदलल्याच्या आरोपावरचा खटला त्याच वर्षी कोसळला, कारण टेलर चौकशी ही कायद्याच्या भाषेत न्यायालय नव्हती. डकनफील्ड 2019 मध्ये निर्दोष सुटले. या सगळ्यात दोषी ठरला एकच माणूस, मैदानाच्या क्लबचा तेव्हाचा सचिव. गुन्हा आरोग्य-सुरक्षा नियमांचा, शिक्षा 6,500 पौंड दंड.